पोकळ विडी

तेंदूच्या पानांचं सूप बाजूला सरकवून
राजमणीअक्का पोत्यावर पत्ते पिसते.
दुपारचे तीन. विडी घरकुलात लाइट गेलेली,
वर पत्रा तडतडतोय.
"पैसे नाहीत तर नाहीत, शेंगा आहेत की.
प्रत्येकीला वीस. खायच्या नाहीत."

तिचा श्रीनू पणजीत, बोटीवरच्या कॅसिनोत पत्ते वाटतो.
गड्ड्याला आला तेव्हा आईला शिकवून गेला: पोकर.

दोन पत्ते पालथे, तुझे तुलाच.
एकदा बघ आणि ठेव.
सारखं उचलून बघणारीचं सगळ्यांना कळतं.
वाटणारीच्या डावीकडची एक शेंग टाकते, तिच्या पुढची दोन,
पत्ते बघायच्या आधीच.
"हे जागेचं भाडं. बसलीस की द्यायचं."

मग मधे तीन उघडे, सगळ्यांचे.
थोड्या वेळानं एक. अजून थोड्या वेळानं एक.
दर खेपेला तोच प्रश्न:
तेवढंच देतेस, वाढवतेस, का पत्ते टाकतेस?

सातांतले चांगले पाच धरायचे.
जोडीपेक्षा दोन जोड्या बऱ्या, त्याहून तिकडी,
मग ओळीनं पाच, मग पाचही बदाम (किंवा पाचही किलवर,
रंगाला जात नाही),
मग तिकडीला चिकटलेली जोडी, मग चौकडी.
एकाच रंगात ओळीनं पाच
श्रीनूनं चार वर्षांत दोनदा पाहिलेत.

"आणि काहीच नसलं तर?" महबूबबीनं विचारलं.

अक्कानं कट्ट्यातून एक विडी ओढली.
"तंबाखू निम्मी. पण तोंड नीट दुमडलंय, दोरा ताठ.
चेकर चिमटीत धरतो तेव्हा
मी त्याच्याकडं बघत नाही, छताकडंही नाही.
रोज जिथं बघते तिथंच.
पंचवीसांत एक घालायची.
दोन घातल्या की अख्खा कट्टा छाटात."

चौथ्या डावाला माझ्याकडं राजे आणि नव्वे, दोन जोड्या.
मधे इस्पिक तीन.
अक्कानं तळहाताच्या कडेनं
सगळ्या शेंगा पुढं लोटल्या.
मी तिची बोटं बघितली. मांडीवर, पानाशिवाय,
विडी वळत होती. रोजच वळतात.

मी पत्ते टाकले.
तिनं आपले दोन पालथेच गड्डीत सरकवले.

"अक्का, काय होतं?"
"बघायचे पैसे पडतात की गं," म्हणाली,
एक शेंग फोडली,
आणि सूप मांडीवर ओढलं.
अजून सहाशे व्हायच्या होत्या.