डावीकडे चार, मग उंचवटा

ओस्मोनं आधी फ्रिज बंद केला,
मग भिंतीवरचं घड्याळ काढून कोटांच्या ढिगाखाली पुरलं,
मग मेन स्विचच पाडला.
लोकरी मोज्यांवर उभा राहिला अंधारात, कान देऊन.
शिट्टी चालूच.
सकाळपर्यंत फ्रीजरमधले मासे मऊ पडले होते.
मला फोन केला:
‘तुइक्की, या घरात काहीतरी गळतंय.
पाणी नाही. आवाज.’

बाहेर उणे बावीस.
तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेलं.
असल्या फेब्रुवारीत कुठला आलाय रातकिडा?

चौदा वर्षं बसले मी याच्या उजव्या हाताला,
मांडीवर वही, आणि हेल्मेटमधल्या तारेतून
माझा आवाज थेट याच्या कानात:
डावीकडे चार, उंचवटा, ऐंशी,
उजवीकडे तीन, आत कापू नकोस, दगड.
खरं तर तो रस्ता बघायचाच नाही.
मला ऐकायचा, आणि रस्ता तसा होत जायचा.
मागे इंजिन, खाली पत्र्यावर खडीचा मारा,
त्या सगळ्याच्या वर मी.
‘अजून मोठ्यानं,’ तो म्हणायचा,
मी बटण फिरवायची.

यूवास्कूलाच्या डॉक्टरीणबाईही बटणच फिरवत होत्या.
असा? वर. असा? अजून वर.
थोडा खाली.
‘हा.’
ज्याच्या चेहऱ्याचं टपाल तिकीट निघालंय तो माणूस
‘हा’ म्हणाला
आणि चष्मा डोळ्यांवर असताना खिशात चष्मा शोधू लागला.
कशानं झालं, मी विचारलं.
इंजिन, बाई म्हणाल्या.
मी मान हलवली. इंजिन.
परतताना साठ किलोमीटर कुणीच बोललं नाही.

मग एका रविवारी टीव्हीवर,
हवामान आणि स्कीच्या निकालांच्या मध्ये,
त्यानं सांगून टाकलं.
दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या पोरीनं
त्याला पाव देताना खुणा केल्या,
जणू तो बहिराच.
आणि पत्रं. बुटांची तीन खोकी भरून.

आता गाडी मी चालवते, त्याला मोतीबिंदू.
तरी शेजारी बसून भिंगातून वाचतो,
अडखळत, वळणावर नेमका थांबून.
कूह्मोच्या लाकूड गिरणीतला कुणी:
‘तुमची मुलाखत संपली, बायको उठली,
टीव्ही बंद केला आणि म्हणाली,
म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास.
एकोणीस वर्षांनी, साहेब.’
ओउलूची दाताच्या दवाखान्यातली बाई लिहिते,
ड्रिलचा आवाज तिला हल्ली बरा वाटतो,
तो निदान थांबतो.
एक सोळा वर्षांचा मुलगा. एकच ओळ:
‘रात्री तुम्ही काय करता?’

हे त्यानं दोनदा वाचलं.

तळ्याकाठी मी इंजिन बंद केलं. उतरलो नाही आम्ही.
बर्फ काचेवर साचू लागलं, आणि माझ्या डाव्या कानात
तोच, तारेच्या खांबाला कान लावल्यावर येतो तसा,
जाड, खालचा सूर.
मला कुणी विचारलं नव्हतं.
चषक उचलणाऱ्या फोटोत मी असते,
पण अर्धी, कोपरापाशी कापलेली.

‘मलाही आहे,’ मी म्हटलं.
‘काय?’
‘मलाही आहे, ओस्मो.’
‘ऐकलं ते. कधीपासून?’
‘तुझ्याइतकंच.’
तो बराच वेळ वायपरकडे बघत राहिला.
‘कसा वाजतो?’
मी गुणगुणून दाखवला.
त्यानं ओठांचा चंबू करून आपला दाखवला,
इतका बेसूर की शेजारच्या झोपडीचं कुत्रं भुंकलं.

‘त्या पोराला काय लिहू?’ त्यानं विचारलं.
हातात पेन, मांडीवर पॅड,
वाट बघत, जशी मी बघायची
हिरव्या दिव्याची.

मी म्हटलं, लिही:
फ्रिज बंद करू नकोस.
मासे वाया जातात.