अकरा सेकंद

डॉनकास्टरच्या शाळेमागे, दर शनिवारी,
मिदोरी कुसाकाबे पोरींना पास द्यायला शिकवते.
खेळ सोडून नऊ वर्षं झाली.
शिट्टी हटकून घरी विसरते,
दोन बोटं तोंडात घालते.

परवा कुणी तिचा जुना गोल शोधून काढला:
अकरा सेकंद, चाळीस लाख डोळे
(वीस लाख माणसं, लेक मला दुरुस्त करते).
एकानं तर तो डावा पाय दंडावर गोंदवून घेतलाय.

लेकीनं मोबाईल पुढे धरला.
मिदोरीनं चष्मा कपाळावर चढवला,
पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा,
मग काचेच्या अगदी कडेला बोट टेकवलं:
"ही हारुयो. मोकळी होती.
हिला द्यायचा होता."

आणि गुडघा धरून वाकली.
चिखलातला नारिंगी शंकू
निघता निघत नव्हता.