आधी उभ्या अक्षाभोवती

पांडवलेणीमागच्या खाणीतून भिकन पगारेंनी
विडीच्या बंडलाच्या कागदात गुंडाळून आणलेला
अपोफिलाइट. हिरवट. बोराएवढा.
मी तो मेणाने काचपट्टीवर बसवला,
कडेला पेन्सिलीने बाण काढला,
सातपूरच्या यंत्राखाली धरला आणि लिहिलं:
एकशे पंचवीस, अडतीस, वीस.

तीच पट्टी, तोच बाण, कुरिअरने
तरन्नुमकडे गेली, हाम्बुर्गला.
तिचं उत्तर: पस्तीस, अडतीस, वीस.

पंधरा दिवस आम्ही मेणावर संशय घेतला.
मग कुरिअरवाल्यावर.
मग, न बोलता, एकमेकींवर.

फरक बरोबर नव्वदचा.
चूक इतकी नेटकी नसते.

रात्री ओट्यावर काडेपेटी ठेवली.
आधी उभ्या अक्षाभोवती फिरवली,
मग तिच्याच नव्या कुशीवर कलती केली,
मग पुन्हा तिच्या स्वतःच्या, आता तिरप्या झालेल्या
उभ्या अक्षाभोवती.
कलती करताना मी क्ष धरते.
तरन्नुम य धरते.
तिच्या सरांनी तसं शिकवलं, माझ्या बाईंनी असं,
आणि काय धरलंय ते आधी सांगावं लागतं
हे दोघांपैकी कुणीच नाही.

खरं तर शेवटच्या आकड्यातही नव्वद दडले होते.
पण हा स्फटिक चौकोनी स्वभावाचा,
पाव फेरा दिला तर म्हणतो, मी हललोच नाही.
तेवढं त्यानं पोटात घातलं.

फोन केला. ती हसली. मग म्हणाली,
"आणि फिरवतेस कुणाला गं,
स्फटिकाला, की अक्षांना?"

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेला वळते
असं आपण म्हणतो.
नदीला विचारलंत तर म्हणेल,
मी सरळच होते, नाशिक जरा सरकलं.

मधला कोन शून्य झाला
तर पहिलं वळण किती, शेवटचं किती
हे वेगळं सांगता येत नाही.
नुसती बेरीज उरते.
दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो,
त्यात कुणी किती पाठ फिरवली
ते मी आता काढायला बसणार नाही.

भिकनदादांना हे सगळं ऐकवलं,
पाथर्डी फाट्यावर, चहा निवेपर्यंत.
ते म्हणाले, "मोत्यासारखी चमकती बाजू
वर धरायची, ताई.
बाकी गिऱ्हाईक फिरवून बघतंच."