चालु

विडी घरकुलात सांज झाली तरी
गच्ची पायाला चटके देते.
हारिका दोरीवर उड्या मारते आहे,
एकतीस, बत्तीस,
आणि खालून आई ओरडते :
चालु! चालु!

आमच्या तेलुगूत याचा अर्थ, पुरे.
पहिलीत बाई म्हणाल्या, पंखा चालू कर गं,
आणि मी बटणापाशी पोचून
हात मागे घेऊन उभी राहिले.
वर्ग हसला. पंखा बंद.

आता माझं काम हाडांचं आहे. कोवळ्या हाडांचं.
चार आठवड्यांचे उंदीर.
अर्धे, दिवा लागला की उंच फळीवर उडी घेतात,
दिवसाला दहा.
अर्धे नुसते बसून असतात.
महिन्यानं दोघांच्याही नडगीचं हाड
गोठवून खलात कुटते,
ज्या हातानं रविवारी शेंगांची चटणी कुटते त्याच.
घरी हे सांगत नाही.

त्या भुकटीत शोधायचं असतं,
मरताना कुठला जनुक बोलत होता, कुठला गप्प होता.

हाडात, चुन्याच्या भिंतीत जिवंत चिणलेल्या पेशी असतात.
केसाहून बारीक बोगद्यांतून
त्या एकमेकींची बोटं धरून बसतात.
पाय जमिनीवर आदळला की बोगद्यातलं पाणी हलतं.
एवढंच. पाणी हलतं.
आणि एक जनुक, ज्याचा सगळा जन्म
नको म्हणण्यात जातो
(नवं हाड नको, गवंडी नकोत, आहे ते बास),
तो आवाज खाली आणतो.
मग गवंडी उठतात.

वडिलांच्या मागावर जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ होती.
भोक असेल तिथं आकडा वर, धागा वर,
चादरीवर मोराचं एक पीस.
पुठ्ठे प्रत्येक पेशीत तेच आहेत.
कुठला सुईसमोर यायचा,
ते खालचा हादरा ठरवतो.

आई. राजमणी यन्नम.
नवव्या वर्षी मांडीवर सूप आलं :
पान, तंबाखू, कात्री, दोरा.
हजार झाल्याशिवाय उठायचं नाही.
उंची बसल्या बसल्याच वाढली.
दोरी तिला माहीत होती ती विडीच्या कमरेला बांधायची,
वीतभर.

मागच्या मार्गशीर्षात मोरीत बादली उचलायला वाकली
आणि खुबा मोडला.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
वय, म्हणाले.
मी मान हलवली.
खरं होतं ते, पण एकोणसाठ नव्हे,
नऊ.

तिला हे कसं सांगू? आणि कुठल्या भाषेत?
बटण सापडलंय, पण ज्या घराचं आहे
त्या घराची वीज कधीच तोडून नेली,
असं?

तिचं ओरडणंही चुकीचं नाही.
माझ्याच वहीत लिहिलेलं आहे :
काही उड्यांनंतर पेशी ऐकेनाशा होतात,
त्यांना थोडा वेळ गप्प सोडावं लागतं,
म्हणजे पुढचा हादरा पुन्हा नवा वाटतो.
पुरे म्हणणारं कुणीतरी लागतं.
चालु.

मी जिन्यानं खाली येते.
आई खाटेवर, वॉकर भिंतीला टेकलेला.
छतातून धप् धप्. चुन्याचा कपचा तिच्या पदरावर पडतो,
ती झटकत नाही.
अंगठा पेरांवरून सरकतो आहे, जुन्या वेगानं,
पान वळावं तसा.
काय मोजतेस?

एक कट्टा झाला, म्हणते,
वर आणि चौदा.