आगाऊ ऊब

रात्री अडीचला ओझरहून फोन येतो,
रात्रपाळी, मागे यंत्रांची घरघर.
"किती आहे?"
मी गोठ्याच्या खांबावरचा तापमापक बॅटरीच्या उजेडात वाचते.
"चारावर दोन रेघा."
"मग?"
मग काय. गव्हाला गोधडी घालता येते का?

शिवारात जिकडेतिकडे शेकोट्या.
कारभारी तात्यांच्या द्राक्षबागेत
ओल्या भुशाचे ढीग धुमसतायत,
मण्यांवर धुराची चादर ओढलेली.
द्राक्षासाठी माणसं जागतात.
गव्हाला थंडी मानवते म्हणतात,
आणि खरंही आहे ते, एका हद्दीपर्यंत,
जसं लग्नाच्या बोलणीत सांगतात, मुलगी सोशीक आहे.

पण आत्ता तो पोटरीत आहे.
पानाच्या गुंडाळीत ओंबी, डोळे न उघडलेली.
या दिवसांत एक रात्र जरी घसरली
तर वर येते ती पांढरी, हलकी,
दाण्याच्या जागी नुसती टरफलं.
कुंदेवाडीच्या मेळाव्यात हे सांगितलं होतं
माती तपासणाऱ्या तेजल गांगुर्डेनं,
हातात माझ्याच वावराचा कागद धरून:
"ताई, नत्र भरपूर आहे, पालाश कमी.
युरियानं पीक फुगतं, पालाशनं आवरतं.
पेशीतला रस दाट राहिला की लवकर गोठत नाही,
पाकासारखं."
मग जरा थांबून:
"पण आधी द्यायचं असतं.
थंडी आल्यावर पोतं फोडून उपयोग नाही."

म्हणून नोव्हेंबरात, घाम पुसत,
मी जानेवारीसाठी खत टाकलं.
विटकरी खडे, जाड्या मिठासारखे,
बोटांच्या चिरांत झोंबणारे.
सोपानभाऊजी बांधावरून हसले,
"वहिनी, गव्हाचं लोणचं घालताय का?"
त्यांनी युरियाला हात सैल सोडला.
डिसेंबरभर त्यांचा गहू माझ्याहून हिरवागार,
येणारे-जाणारे त्यांच्याच बांधावर थांबायचे.
मी मान खाली घालून निंदत राहिले.

आणि माझं पोतं शेवटाला अपुरं पडलं.
बोरीकडच्या चार ओळी तशाच राहिल्या.
उद्या आणू म्हटलं. उद्या पाणी सोडायचं होतं,
परवा पोराची सहल.

पहाटे चारला लाइट आली.
मोटर सुरू केली. विहिरीचं पाणी वाफा टाकत
साऱ्यांत शिरलं, पायांना कोमट.
ही एक ऊब, हातघाईची.
दुसरी आत आहे, दोन महिन्यांमागं दिलेली.
ती मला दिसत नाही.

उजाडलं तेव्हा कडब्यावर दवाची काच झाली होती,
चिमटीत मोडत होती.
पारा तीनच्या खाली.
मी ओझरला फोन केला नाही.

आज तीन आठवडे झाले.
निसवलेला गहू उभा आहे,
शेंडे जरा पिवळट, खरचटल्यासारखे.
भाऊजींच्या वावरात मधेच पांढरे पट्टे.
ते उकिडवे बसून एक ओंबी चुरगाळतात,
फुंकर मारतात,
तळहातावर काही उरत नाही.
मला हसायचं होतं. जमलं नाही.
मी त्यांना बोरीकडं नेलं,
माझ्या चार ओळी दाखवायला.
काही ओंब्या भरल्यात, काही पोकळ.
"थंडी," ते म्हणाले. "नाहीतर बोरीची सावली."
"असेल."
त्या ओळी वेगळ्या कापून बांधायच्यात,
तेजलला दाखवायला,
पोतं संपलं होतं हे सांगून.

रात्री फोन. "किती आहे?"
"अकरा."
"झोप मग."

कॅलेंडर खिळ्यावरून काढून
नोव्हेंबरचं पान उघडलं, लिहिलं:
पालाश, एक पोतं जास्त. दोन भाऊजींना.
पान पुन्हा फेब्रुवारीवर आणलं.
खिळा जरा गार लागला.