पिवळा डबा

अहवालात त्याचं नाव दीड ओळीचं आहे.
गावात त्याला पिवळा डबा म्हणतात.
पावाची गाडी घेऊन येणारी बाई
रोज सकाळी विचारते, डबा कसा आहे?
कुणाच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची चौकशी करावी तसं.

तरंगतोय. अजून तरी.

आम्ही चौघं: प्राध्यापक शुर्शो, ज्यांना बोट लागते,
ब्राइस, जो वंगणावर विश्वास ठेवतो, समीकरणांवर नाही,
सबेला, जिचं ठरलेलं लग्न या डब्यापायी मोडलं
(असं ती हसत सांगते, आम्ही हसत नाही),
आणि मी, आकडे भरणारी.

लाट येते, डबा वर जातो. लाट जाते, डबा खाली.
आतला दट्ट्या तेल ढकलतो,
तेल चक्र फिरवतं, चक्रातून वीज.
एवढंच. शाळेतल्या पोरालाही कळेल.
पण लाट कधी नुसती वर-खाली होत नसते.
ती तिरकी येते, मागचीच्या खांद्यावर चढून येते,
आठवड्यापूर्वी अझोरेसपलीकडे सुटलेल्या वाऱ्याचं
शिळं भांडण
गालिसियाच्या या खडकांवर येऊन उकरून काढते.
विद्यापीठाच्या टाकीतल्या लाटा शहाण्या होत्या.
बटण दाबलं की यायच्या.

एलादिया हे सगळं कड्यावरून बघते.
एकसष्ट वर्षांची. कमरेला दोर, हातात खुरपं.
दोन लाटांमधल्या फटीत ती खाली उतरते,
कपारीतून पर्सेबे खरवडते,
बोटाएवढे, काळ्या कातडीचे, टोकाला नखं असलेले,
नाताळात माद्रिदवाले ज्यांना सोन्याचा भाव देतात,
आणि पुढची फुटायच्या आत वर.
तिचा नवरा एकदा वर आला नाही.
हे मला पाववालीने सांगितलं.

मी विचारलं, लाटा मोजता का?
म्हणाली, मोजत बसलं की चुकतं. पाठीने ऐकायच्या.

मी वहीत लिहिलं: पाठीने.
मग खोडलं, त्याला एकक नव्हतं.

फेब्रुवारीत वीज घसरली.
अकरा किलोवॉट, नऊ, साडेसहा.
शुर्शोंनी सूत्रं पुन्हा मांडली,
ब्राइसने झडपांच्या आईचा उद्धार केला,
पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं, नम्र,
इतकं नम्र की त्या रात्री कुणी जेवलं नाही.

एप्रिलमध्ये समुद्र जरा निवला, डबा धक्क्यावर ओढला.
पाण्याखालचं सगळं अंग दाढी वाढल्यासारखं:
हजारोंनी लोंबणारे, चुळबुळणारे,
पांढऱ्या शिंपल्यांतून पिसं बाहेर काढणारे जीव.
सव्वा टन ओझं.
सबेला ओरडली, पर्सेबे! विकू या, पुढच्या वर्षाचं भागेल.

एलादियाने एक उचलला, चिमटला, टाकून दिला.
हे ते नव्हेत. हे वाहत्या लाकडाला लागतात. नुसतं पाणी.

मग काखेतलं खुरपं काढून
न विचारता खरवडायला बसली.
आम्हीही बसलो.
तीन दिवस. धक्काभर कुबट वास,
मांजरांनीसुद्धा तोंड लावलं नाही.
शुर्शोंच्या हाताला फोड आले, ते त्यांनी दोनदा दाखवले.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा पिवळा दिसला.
एलादिया म्हणाली, हा चालला तर किती घरं उजळतील?
म्हणाले, पंचवीसेक.
गावात एकोणीस उरलीत, ती म्हणाली.
त्यातली चार उन्हाळ्यापुरती.

तिने खुरपं धुतलं, पुसलं,
आणि समुद्राकडे पाठ करून थोडा वेळ उभी राहिली.
ब्राइस क्रेनवाल्याला फोन लावत होता, उद्या सकाळसाठी.

उद्या नका सोडू, ती म्हणाली.
परवा.