आपला लाल

साकीनाक्याचा गाळा सोडला त्या दिवशी
सहा खुर्च्या क्लासवाल्या राणेंना विकल्या.
सातवीचं एक चाक मोडकं, ती कुणी घेईना.
आता तिच्यावरच बसते, चारकोपच्या घरात,
जराशी डावीकडे कलून.

गाळ्यात माणसं तिघं होतो, खुर्च्या सात.
आता माणसं पाच, खुर्ची एक.
आई विचारते, धंदा वाढला म्हणतेस
मग जागा कशी गं कमी झाली?
मी म्हणते, ऑफिस आहे ना.
थोडं मिरजेला, थोडं वसईत, थोडं सोलापुरात,
आणि एक खिडकी अहेरीला,
रेंज आली की उघडणारी.

रेवणची उंची किती, मला ठाऊक नाही.
दोन वर्षं झाली, खांद्याखाली तो मी पाहिलेला नाही.
फैय्याजच्या घरची कुकरची शिट्टी मात्र ओळखते,
आणि डाबरेच्या मागे पावाची गाडी येते
तेव्हा मीटिंग आपोआप थांबते.
पोर्णिमाचा कॅमेरा बंद.
काळ्या चौकोनात 'पो' एवढंच अक्षर.
मी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात सामंतबाईंचा मसाला आला.
तीस वर्षं पार्ल्यात बरण्यांतून विकला,
आता पाकिटात भरून दुकानात जायचाय.
बाई म्हणाल्या, लाल हवा.
पण आपला लाल.

पडद्यावर एक चौकोन ठेवला आणि विचारलं, हा?
फैय्याज म्हणाला, सतारीला पहिला हात मारतात, तो.
रेवण म्हणाला, छे, चादरीचा काठ. दोन धुण्यांनंतरचा.
डाबरे म्हणाला, केळफुलाचं वरचं पान.
पोर्णिमानं टाइप केलं: पळस
आणि बऱ्याच वेळानं, खाली पडलेला
मला तर बेस्टची बस दिसत होती,
डेपोत उन्हात विटत उभी.
चौकोन एक, नंबर एक.
तासभर भांडलो.

रात्री अकरा वाजता वडाळ्याच्या प्रेसवर
खुळे मशीनमननं पहिली शीट दिव्याखाली धरली,
कडेवरून अंगठा फिरवला.
पडद्यावर असतो तो उजेड, म्हणाला,
रंग म्हणजे कागदानं प्यायलेला.
मी हे वाक्य कुठे वापरता येईल याचा विचार करत होते
तोवर त्यानं विचारलं,
बिल कुणाच्या नावानं फाडू?

घरी येऊन शीटच्या पट्ट्या कापल्या,
बोटभर रुंद, चार,
आणि चार पाकिटांत चार पत्ते.
इतक्या दिवसांत पहिल्यांदाच
आम्ही सगळे एकाच वस्तूला हात लावणार होतो.
कुरियरवाल्यानं अहेरी दोनदा वाचलं.

मिरजेची तिसऱ्या दिवशी पोचली, सोलापूरची चौथ्या.
वसईची डाबरेच्या शेजाऱ्यानं घेतली आणि विसरला.
अहेरीची नऊ दिवसांनी.
तोवर पाकिटं छापून, भरून, दुकानात लागली होती,
बाई खूश होत्या
आणि पैसे 'पुढच्या आठवड्यात' होते.
पाच तारखेसाठी मी एफडी मोडली.
हे चौघांना सांगितलेलं नाही.

दहाव्या दिवशी 'पो' गेला, चेहरा आला.
निळी भिंत, वळणीवर टॉवेल,
मागून एक कोंबडी निवांत चालत गेली.
पट्टी गालाजवळ धरून ती म्हणाली,
मॅम, यात पिवळा जरा जास्त झालाय.

मी पाकीट उचललं, खिडकीत नेलं,
संध्याकाळच्या उजेडात पाहिलं.
झालाय.

पगाराच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं,
दुसऱ्या खेपेला पिवळा तीन टक्के कमी.
त्याच ओळीत पुढे जागा उरली होती
तिथे वाढ लिहिली,
पेन्सिलीनं.